सहा बिस्किटं, साधी

मिल लेन, सफोक
१२ नोव्हेंबर १९९५

प्रिय विला,

तुझं पत्र आणि ओपलचा फोटो येऊन साडेतीन आठवडे झाले. एरवी तुझं पत्र नाताळात येतं, म्हणून ऑक्टोबरातच पाकिटावर अमेरिकन तिकीट बघून मी आधी घाबरलेच. उघडून वाचलं तेव्हा खुर्चीत बसले. ओपलचं लग्न ठरलं! मुलगा शाळेत शिकवतो, स्वभावानं गरीब आहे, दोघांना मुलांची घाई आहे, आणि एप्रिलमध्ये तिकडे फुलं असतात म्हणून एप्रिल. सगळं तीनतीनदा वाचलं. फोटोत हसताना तिनं मान कलती केलीय, ती तुझी लकब. हनुवटी मात्र आमची, गॅरडांची, त्यात वाद नाही. फोटो मी आरशाच्या कडेला खोचला, मग काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, मग परत खोचला. उत्तराला उशीर केला म्हणून रागावू नकोस. हे चौथं पत्र आहे. आधीची तीन शेगडीत गेली.

इकडे धुकं आहे. आठवडाभर समोरचं कुंपण दिसलेलं नाही. मिसेस थर्टल सप्टेंबरमध्ये गेली. तुला ती आठवत असेल, निदान तिची टोपी तरी. तिच्या अंत्यविधीला प्रार्थनाघरात आम्ही नऊ जणी होतो, त्यात पाच जणी काठ्या टेकत आलेल्या. आणि आमची बिस्किटांची फॅक्टरी पाडतायत. भट्टीची बाजू गेलीच, आता पॅकिंगची शेड आहे तिथे राहायचे फ्लॅट होणार म्हणे. एकतीस वर्षं मी त्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहिले. आल्याची बिस्किटं, शॉर्टब्रेड, मधे क्रीम भरलेली. बोट न लावता नुसत्या आवाजावरून मला कळायचं की भाजणी बरोबर आहे की नाही. बिस्किट मोडलं की कट्‌ असा आवाज यायला हवा. नाही आला तर तो माल तुकड्यांच्या पिशवीत. तुला हे मी शंभरदा ऐकवलंय. तू दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखा चेहरा करायचीस. तुझी ती सभ्यता तेव्हा मला ढोंग वाटायची.

तू घरात आलीस तो शनिवार होता. इथल्या हवाईदलाच्या तळावरच्या अमेरिकन सार्जंटची मुलगी, एकवीस वर्षांची, दारातच म्हणालीस, "थँक यू, मॅम." मी कॉलिनला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "ही मला मॅम का म्हणते? मी काय राणी आहे?" तो हसत सुटला. "आई, त्यांच्याकडे दुकानदारणीलाही मॅमच म्हणतात." ते मला आणखीच झोंबलं. दुसऱ्या दिवशी रविवारी तू म्हणालीस, "मॅम, आज नाश्त्याला मी बिस्किटं करते." नाश्त्याला बिस्किटं! अकराच्या चहाबरोबर दोन खायची वस्तू ती. मला वाटलं, पोरीला स्वयंपाक येत नाही म्हणून पुडा फोडणार. तर तू मैदा घेतलास, चरबी घेतलीस, बोटांच्या टोकांनी चोळलीस आणि माझ्या काचेच्या पेल्यानं गोल कापून ओव्हनमध्ये घातलंस. बाहेर आले ते दोन बोटं उंच, फुगलेले, मऊ गोळे. मी म्हटलं, "हा तर आमचा चहाबरोबरचा स्कोन आहे. साखर विसरलेला." तू म्हणालीस, "नाही मॅम, बिस्किट." "मग आम्ही खातो ते काय?" "ते कुकी. नाहीतर क्रॅकर." आणि वर ती पांढरी ग्रेव्ही ओतलीस, सॉसेजच्या चरबीत मैदा परतून दुधात शिजवलेली. मी म्हटलं, भिंतीवर कागद चिकटवायला आम्ही अशीच खळ करतो. तू हसलीस. कॉलिननं पाच खाल्ली. मला खळीपेक्षा ती पाच जास्त जिव्हारी लागली, हे आज लिहून टाकते.

मग ते रोजचंच झालं. तू कुकी आणायचीस, चॉकलेटचे खडे घातलेल्या, मधे मऊ. मी म्हणायचे, कच्च्या राहिल्यात, आणि ट्रे परत ओव्हनमध्ये सरकवायचे. तू चहात काही बुडवायची नाहीस, आमच्याकडे बघून तोंड फिरवायचीस. तू फ्लॅपजॅक म्हटलंस की तुला तव्यावरचा गोड पोळा हवा असायचा, आणि मी तुझ्यापुढे ओटची वडी ठेवायची. कॉलिन मधे बसून म्हणायचा, "तुम्ही दोघी एकच भाषा बोलता, असं मला कोणीतरी सांगितलं होतं." तेव्हा घरात हसू होतं. माझंही होतं. त्यातलं किती खरं होतं ते तुला माहीत नव्हतं, एवढंच.

गावच्या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. १९७० चा ऑगस्ट. तुला तिसरा महिना होता, कोणाला सांगितलं नव्हतंस, पण मला दिसत होतं. स्पर्धेच्या यादीत तू वाचलंस, 'सहा बिस्किटं, साधी.' म्हणालीस, "मॅम, हे मला जमेल." सकाळी सहाला उठून तू चार घाणे केलेस. त्यातली सहा निवडलीस, अगदी सारख्या उंचीची, आणि माझ्या पांढऱ्या रुमालावर मांडलीस. मी त्याच टेबलाशी चहा पीत बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं, "अगं, इथे त्याला बिस्किट म्हणत नाहीत, हे स्कोनच्या रांगेत ठेव." मी साखर ढवळत राहिले. तू ताट धरून गावाच्या सभागृहाकडे निघालीस, कपाळाला मैदा लागलेला, आणि मी मागून चालत आले.

परीक्षक बाहेरगावची होती. कार्डं लिहायचं काम माझ्याकडे. तिनं तुझं ताट पाहिलं, एक उचलून बघितलं, परत ठेवलं आणि मला म्हणाली, "लिहा, यादीप्रमाणे नाही." मी लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात, आणि दोनदा अधोरेखित केलं. अधोरेखित करायला तिनं सांगितलं नव्हतं. दुपारी दारं उघडली तेव्हा ताटाभोवती घोळका जमला. मिसेस थर्टल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई गं, बिस्किटांना गालगुंड झालंय!" तू आत आलीस. घोळका बाजूला झाला. तू कार्ड वाचलंस, मग माझ्याकडे बघून हळूच विचारलंस, "मॅम, हे तुमचं अक्षर आहे ना?" मी म्हटलं, "नियम ते नियम." तू ताट उचलून घरी गेलीस. मी आले तेव्हा तू अंगणात उभी राहून एकामागून एक खात होतीस. सहाच्या सहा. रडत नव्हतीस. मला वाटत होतं तू रडावंस.

मी अशी का वागले हे मी स्वतःला बरेचदा विचारलंय. तू परकी होतीस, मुलगा पळवला होतास, हे सगळं आहेच. पण त्याहून वेगळं काहीतरी होतं. तू त्या घरात आल्यापासून मला सारखी धाकधूक होती, आणि तुझ्याशी प्रेमानं वागले तर एखाद दिवशी तोंडातून निघून जाईल अशी भीती होती. भांडणात माणूस पुष्कळ बोलतो, पण नको ते बोलत नाही. माझ्यापुरतं हे खरं आहे.

त्याच हिवाळ्यात हवाई तळाच्या दवाखान्यातून तू एक फॉर्म आणलास. आठवतो? तू बिस्किटांचं पीठ लाटत होतीस, हात भरलेले, म्हणून फॉर्म मी धरला होता आणि तू वाचून उत्तरं सांगत होतीस. तुझ्याकडची सगळी सांगून झाली. मग म्हणालीस, "मॅम, कॉलिनचे वडील कशानं गेले?" मी म्हटलं, "न्यूमोनियानं." "किती वर्षांचे होते?" "चव्वेचाळीस." तू चुकचुकलीस. "आणि त्यांच्या घराण्यात काही? साखर, हृदय, डोक्याचं?" मी म्हटलं, "काही नाही. सगळे ठणठणीत." आणि माझ्याच हातानं तसं लिहिलं. तू म्हणालीस, "छान." पेला उलटा करून पुढचं बिस्किट कापलंस. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनियाच लिहिलंय, विला. तो कागद मी तुला केव्हाही दाखवू शकले असते.

कॉलिनच्या बापाबद्दल, सिरिलबद्दल, मी तुझ्याशी कधी बोलले नाही. तो भट्टीवर होता. आमची ओळख तिथलीच. मोठमोठे ट्रे तो दोन बोटांवर तोलून न्यायचा, पोरी बघत राहायच्या. छत्तिसाव्या वर्षी त्याच्या हातून पहिला ट्रे पडला. मग दर आठवड्याला पडायला लागले. चालताना पाय वाकडे पडायचे, खांदा उगाच उडायचा. मुकादम म्हणाला, पिऊन येतो. माझ्या सिरिलनं जन्मात थेंब घेतला नव्हता. ज्या दिवशी त्याला काढलं त्या दिवशी तो पॅकिंगच्या शेडमधून बाहेर गेला, माझ्या पट्ट्यासमोरून, झोकांड्या खात, आणि बायका हसल्या. मी मान खाली घालून बिस्किटं मोजत राहिले. पुढे तो घरात वस्तू फेकायला लागला, मग माणसं ओळखेना. त्याला जिल्ह्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. चार वर्षं मी दर रविवारी दोन बस बदलून जायची. कॉलिनला शेजाऱ्यांकडे ठेवून. त्याला सांगितलं होतं, बाबांची छाती खराब आहे.

कॉलिनचे हात बापासारखेच होते. गॅरेजमध्ये त्याला डोळे मिटून इंजिन जोडता यायचं. ओपल चार वर्षांची असताना एकदा तू सहज म्हणालीस, "मॅम, हल्ली कॉलिनच्या हातून पाना फार पडतो." मी म्हटलं, थंडी आहे. मग त्याचं चिडणं सुरू झालं. कारण नसताना ओरडायचा, दिलेला शब्द विसरायचा, दोन दिवस बोलायचा नाही. तू माझ्याकडे आलीस. ओपल शाळेत गेली होती, तू कोटसुद्धा काढला नव्हतास. "मॅम, हा असा का वागतो? माझं काही चुकतंय का? तुम्ही आई आहात, सांगा मला." तुझे डोळे सुजलेले होते. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "त्याला तुझं ते अमेरिकन खाणं मानवत नाही. पोट बिघडलं की माणूस चिडतोच."

तू ते खरं मानलंस. त्यानंतर सात-आठ महिने तू तुझी बिस्किटं केली नाहीस. इथल्या दुकानातले पुडे आणायचीस, ताटलीत माझ्यासारखे गोल मांडायचीस, आणि चहात बुडवून खायलासुद्धा शिकलीस. मी ते रोज बघत होते. एका सकाळी कॉलिनच म्हणाला, "पूर्वीसारखं कर ना काहीतरी," म्हणून तू पुन्हा ओव्हन लावलास, ग्रेव्ही केलीस, आणि त्यानं ती ताटली भिंतीवर फेकली. ओपल खुर्चीवर होती. तिच्या केसांत ग्रेव्ही उडाली. त्याच महिन्यात तू तिला घेऊन अमेरिकेला गेलीस. जाताना तू मला म्हणालीस, "मॅम, मी खूप प्रयत्न केला." मी म्हटलं, "माहीत आहे." तेवढं एक मी खरं बोलले.

ओपलचं पहिलं पत्र अजून माझ्याकडे आहे. मोठ्या मोठ्या अक्षरांत. इकडच्या शाळेत ती कुकी म्हणायची म्हणून पोरं चिडवायची, तिकडे बिस्किट म्हणते म्हणून हसतात. 'ग्रॅनी, मी आता काहीच म्हणत नाही, नुसतं बोट दाखवते.' सहा वर्षांची होती ती. मी ते वाचून खूप हसले होते, आणि मग उठून दाराला कडी लावून बसले होते.

आता कॉलिनचं सांगते. तू दर पत्रात 'कॉलिनला नमस्कार' लिहितेस आणि मी 'तो बरा आहे' लिहिते. तो बरा नाही. तू गेल्यावर तीन वर्षांत गॅरेज सुटलं. तोही पितो असं लोक म्हणाले. मग पडायला लागला. आता तो पुलापलीकडच्या शुश्रूषागृहात आहे, तिसरं वर्ष चालू आहे. एक्कावन्न वर्षांचा माणूस, वजन माझ्याहून कमी. अंग एक क्षण स्थिर राहत नाही. झोपला की तेवढं थांबतं. खुर्चीला पट्टा बांधावा लागतो. तिथल्या पोरी चांगल्या आहेत, त्याला साहेब म्हणतात, दाढी करताना त्याचं डोकं छातीशी धरून ठेवतात.

गिळताना त्याला ठसका लागतो. पहिल्याच आठवड्यात मी आल्याची बिस्किटं नेली तर तिथली मुख्य परिचारिका म्हणाली, "मिसेस गॅरड, कडक काही नको आणि चुरा होणारं तर मुळीच नको. श्वासात गेलं तर संपलं." एकतीस वर्षं जे केलं त्यातलं काहीच त्याला चालेना. एकदा तो काहीतरी म्हणत होता, मला कळेना, चार-पाच वेळा म्हणाला तेव्हा लागलं. "विलाची." घरी येऊन मी मैदा काढला. ताक इथे मिळत नाही, दुधात लिंबू पिळलं. पहिली दगड झाली, दुसरी खाली करपली. बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळव्यानं नाही, हे तू मला सांगितलं होतंस आणि मी लक्ष दिलं नव्हतं. पाचव्या-सहाव्या खेपेला फुगली. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी ती करून नेते, ग्रेव्हीत पार भिजवून लगदा करते आणि चमच्याच्या टोकानं भरवते. अर्धं जातं. कधी पाऊण. विला, ही चांगली लागतात. हे सांगायला मला सत्तावीस वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी केंब्रिजच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं. आता रक्तावरून ठाम कळतं. हंटिंग्टनचा आजार. सिरिलला तोच होता, सिरिलच्या आईला तोच होता. डॉक्टर तरुण होता, त्यानं कागदावर घराण्याचं झाड काढून दाखवलं आणि मला विचारलं, "तुम्हाला या आजाराचं नाव पूर्वी कोणी सांगितलं होतं का?" कॉलिन शेजारीच होता, तेव्हा बोलू शकत होता. मी कागदावरच्या त्या झाडाकडेच बघत राहिले. कॉलिननं मान वळवली, ती त्याला नीट वळवता येत नव्हती, आणि विचारलं, "आई, तुला माहीत होतं?"

मला १९५५ पासून माहीत होतं. इस्पितळातल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं खोलीचं दार लावून सांगितलं होतं. हे रक्तातून येतं, मुलाला येण्याची शक्यता निम्मी, आणखी मूल होऊ देऊ नका. आणि म्हणाला, "मुलाला सांगू नका. त्याला जगू द्या." तो शब्द मी धरून बसले. कॉलिन अकरा वर्षांचा होता. तो सोळा वर्षांचा झाला, वीस झाला, चोवीसचा झाला तेव्हा तुला घेऊन आला. प्रत्येक वेळी मी म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू. तुला दिवस गेले तेव्हा म्हटलं, आता सांगून काय उपयोग. तो ताटली फेकायला लागला तेव्हा मला एका दिवसात कळलं होतं. तू निघालीस तेव्हा तुला थांबवता आलं असतं. तो वाईट नाही, आजारी आहे, एवढं सांगितलं असतं तर तू राहिली असतीस. तू राहिली असतीस हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं नाही. तू आणि ओपल निदान सुटाल, असं त्या वेळी मनाला समजावलं. खरं कारण तेच होतं की काय, हे मी आता शपथेवर सांगू शकत नाही.

कॉलिन महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मी जायची, बसायची, परत यायची. मग एका मंगळवारी म्हणाला, "विलाला लिही. ओपलला कळायला हवं. आजच लिही." मी हो म्हटलं. पुढच्या मंगळवारी त्यानं विचारलं, "लिहिलंस?" मी म्हटलं, लिहिलं. त्यानंतर दर खेपेला विचारायचा, "उत्तर आलं?" मी सांगायची, अमेरिकेचं टपाल फार हळू चालतं. मग सांगितलं, विला घर बदलतेय. मग सांगितलं, आलं, ती म्हणते ओपलला योग्य वेळी सांगेन. तो रडला. मला हात दे म्हणाला. त्याचा हात धरता येत नाही, सारखा उडतो, म्हणून दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरला. "थँक यू, आई," असं म्हणाला. गेल्या जानेवारीपासून त्याची वाचा गेलीय. आता तो काही विचारू शकत नाही.

तर विला, मी काही लिहिलं नव्हतं. याबद्दल तुझ्यापर्यंत पोचणारं हे पहिलं. ओपलला याची शक्यता निम्मी आहे, नाणं उडवल्यासारखी, आणि तिला झाला तर तिच्या मुलांनाही तेवढीच. एप्रिलच्या आधी तिला सांग. तपासणी करायची की नाही, लग्न, मुलं, सगळं तिनं आणि त्या मुलानं ठरवायचं, पण माहीत असून ठरवू दे. डॉक्टरांनी आजाराचं नाव, तिकडे कोणाला भेटायचं, काय विचारायचं ते वेगळ्या कागदावर टाइप करून दिलंय, सोबत ठेवते. तुला मला फोन करायचा नसेल तर करू नकोस. लग्नाला मला बोलावलंयस ते आता मागे घेतलंस तरी मी समजेन. एकच मागते. ओपल विचारेल, हे आधी का नाही सांगितलं, तेव्हा बापाचं नाव पुढे करू नकोस. तिचा जन्म झाला तेव्हा त्याला माहीत नव्हतं, आणि कळल्यावर त्यानं पहिल्यांदा तिचाच विचार केला. तुलाही माहीत नव्हतं, तू तर विचारलं होतंस. तिला सांग, ग्रॅनीला माहीत होतं.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
म्युरिअल गॅरड